झालंय काय म्हणायचं तिला?

आषाढातली दुपार होती. सांगलीतल्या एका वर्कशॉपमध्ये आत्याची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती आणि मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. बाहेर रिपरिप, आत ओल्या रेनकोटांचा वास आणि वॉशिंगच्या रॅम्पवरनं पाण्याच्या प्रेशरचा अखंड आवाज. काउंटरपाशी तासगावकडचे एक आजोबा उभे होते. नखांच्या कडांना बागेवर फवारायच्या बोर्डो औषधाचा निळा रंग चढलेला; बागेतनं उठून तसेच आलेले दिसत होते. त्यांच्या गाडीला स्कॅनर लावून झाला होता. काउंटरवरच्या मुलानं प्रिंटरमधनं कागद ओढला. त्यावर गाडीच्या संगणकानं नोंदलेल्या बिघाडांच्या कोडच्या पाच-सात ओळी होत्या. कागद पुढं सरकवत तो म्हणाला, "आजोबा, एरर आलेत. सेन्सर बदलून बघू, मग पुढचं पुढं." आजोबांनी कागद लांब धरला, जवळ धरला, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बघितला. मग शांतपणे म्हणाले, "बदला की. पर झालंय काय म्हनायचं तिला?"

मुलगा म्हणाला, "तेच की आजोबा, एरर आलेत."

आजोबांनी मान हलवली, कागदाची चौघडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पावसापाण्याचं दोन शब्द बोलणं होतंय तोवर त्यांना आत बोलावलं. त्यांचा प्रश्न मात्र घरी आल्यावरही माझ्या डोक्यातनं गेला नाही. पैसे द्यायला तो माणूस तयार होता. त्यानं घासाघीस केली नाही, आवाज चढवला नाही. आपण हप्ते फेडलेल्या, आपल्या दारात उभ्या असणाऱ्या गाडीला काय झालंय, हे कुणीतरी सरळ एका वाक्यात सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा. स्कॅनर, संगणक, प्रिंटर सगळं हाताशी असताना ते वाक्य काही त्याला मिळालं नाही. कागदावरच्या ओळी खोट्या नसणार. गेली काही वर्षं मी स्वतः हे कोड वाचायला शिकतेय, त्यामुळं गाडीचा संगणक उगीच बोंब मारत नाही हे मला ठाऊक आहे. पण कोड वाचून दाखवणं आणि गाडीला काय झालंय ते सांगणं, यांच्यामध्ये जे शोधायचं काम असतं, ते फार कमी ठिकाणी होताना दिसतं. ते बघून जीव तुटतो.

माझ्या लहानपणी ते वाक्य आमचे मिस्त्रीमामा सांगायचे. मिरज रोडला पत्र्याचं शेड, दारात कडुनिंब, जमीन ऑइलनं काळी आणि चिकट झालेली. वडिलांची गाडी कार्ब्युरेटरची, तीही सेकंडहँड. ती झटके द्यायला लागली की आम्ही तिथं जायचो. मामा आधी काही न बोलता बॉनेट उघडून नुसते उभे राहायचे. मग चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर रबरी मुठीच्या पकडीनं क्षणभर उपटायचे आणि कान द्यायचे. चांगल्या सिलिंडरची वायर निघाली की इंजिन लगेच अडखळायचं. ज्याची वायर काढूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मुळात कामच करत नाही. तेवढा वेळ शेडमधल्या पोरांना पाना खाली ठेवल्याचा आवाजसुद्धा करायची मुभा नसे. "तिसरा बसलाय," मामा म्हणायचे, आणि प्लग काढून वडिलांच्या हातात द्यायचे. काजळी बोटाला लागायची आणि वडिलांना पटायचं. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, टोक पांढुरकं म्हणजे पेट्रोल कमी, फिकट तपकिरी म्हणजे सगळं ठीक. हे मी शाळेत असताना त्या शेडमध्ये शिकले.

तरी जुना काळच बरा होता असं मला म्हणवत नाही. मामांचं ज्ञान त्यांच्या कानात होतं आणि ते बरंचसं त्यांच्याबरोबर गेलं. अधूनमधून येणारा, मामांसमोर नेमका गप्प बसणारा बिघाड आला की तेही हतबल व्हायचे. गाडी शेडमध्ये पडून राहायची आणि आम्ही एसटीनं हिंडायचो. आणि धूर! थंडीत सकाळी गाडी चालू करून मागं उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, घशाशी यायचं, आणि त्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटत नसे. तो धूर आपल्या डोळ्यादेखत कमी झाला. ज्या यंत्रणेनं तो कमी केला, तिनंच हे कोडही आणले.

त्यामुळं या कोडांशी माझं नातं दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा कॅलिफोर्नियातल्या हवेच्या काळजीतनं आला. तिथल्या हवा नियंत्रण मंडळानं १९८८ च्या मॉडेलपासून गाडीनं स्वतःच्या धुराच्या यंत्रणेवर स्वतः नजर ठेवावी असा नियम केला, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना एकसारखे कोड आणि एकसारखा सोळा पिनांचा सॉकेट सक्तीचा झाला. आपल्याकडं भारत स्टेज ४ या धुराच्या नियमातल्या गाड्यांना या यंत्रणेची पहिली पायरी एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरी एप्रिल २०१३ मध्ये आली. हा जन्म लक्षात ठेवला की दिव्याचं वागणं कळायला लागतं. ब्रेकचे पॅड संपत आले, क्लच घसरायला लागला, सस्पेन्शनचं बुश फाटलं तरी हा दिवा लागत नाही. त्याचं सगळं लक्ष धुराकडं. आणि म्हणूनच गाडी मस्त पळत असताना तो अचानक लागतो, आणि आपण बुचकळ्यात पडतो की हिला खुपतंय तरी काय.

कोडची रचना साधी आहे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स, सी असेल तर ब्रेक-स्टिअरिंगसारखी चॅसिसची कामं, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या संगणकांचं आपापसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत सारखा. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. इंजिनाच्या कोडात त्यापुढचा आकडा खातं सांगतो: एक आणि दोन इंधन-हवेचं, तीन ठिणगीचं, चार धूर आटोक्यात ठेवणाऱ्या जोडयंत्रणांचं. एवढं पाठ करायला संध्याकाळसुद्धा लागत नाही. अडचण त्यापुढं सुरू होते, कारण कोडशेजारी जे इंग्रजी वाक्य छापून येतं त्यात बहुतेक वेळा एखाद्या पार्टचं नाव असतं, आणि माणसाचं बोट आपोआप त्या पार्टकडं जातं.

मला हे नीट कळलं ते साताऱ्यात. सांगलीहून निघाले होते, पेठ नाका मागं पडला, कराड गेलं, आणि उंब्रजच्या पुढं तो पिवळा चेक लाइट लागला. लुकलुकत नव्हता, स्थिर होता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल थेट धूर साफ करणाऱ्या डब्यात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन जळत असतं आणि तो जाळून टाकतं. तेव्हा पाय हलका करायचा, बाजूला घ्यायचं, ओढत न्यायचं नाही. स्थिर दिव्याला तेवढी घाई नसते. हाच दिवा आधीही एकदा लागला होता आणि एका गॅरेजमध्ये कोड उडवून देताना सांगितलं होतं, पुन्हा आला तर ऑक्सिजन सेन्सर टाकावा लागेल. आता तो पुन्हा आला होता. पोवई नाक्याच्या पुढं एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी घातली. मालक जेवायला गेलेला, त्याचा भाचा होता, आयटीआय करून नुकताच हाताखाली लागलेला. मी थेट सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर मिळेल का बघ. तो म्हणाला, "ताई, मिळंल की. पण आधी बघू द्या."

त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर लावला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. पी०१७१. मिश्रण पातळ. म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन जास्त उरतोय, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त आहे. पेट्रोल पुरतं जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते. तो तोल ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि संगणक त्याप्रमाणं पेट्रोल कमीजास्त करतो. किती कमीजास्त केलं याचा हिशेब फ्युएल ट्रिम नावाच्या आकड्यात राहतो. मुलानं कोड बाजूला सारला आणि तो आकडा उघडला. इंजिन नुसतं घुरघुरत असताना ट्रिम होता अधिक चोवीसच्या आसपास. म्हणजे नेहमीपेक्षा जवळजवळ चतुर्थांश पेट्रोल जास्त ओतूनही बिचाऱ्या संगणकाचं समाधान होत नव्हतं. "आता बघा हं," म्हणत त्यानं आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, अडीच हजारावर नेऊन धरले. आकडा उतरायला लागला. अठरा, बारा, सात. पाचावर येऊन थांबला. त्यानं पाय काढला, इंजिन खाली आलं, आकडा परत चढला.

त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "सेन्सर खराब असता तर असं हिशेबात चढला-उतरला नसता. कुठंतरी चोरून हवा घुसतीय."

तर्क असा. माझ्या गाडीत आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढं आहे. त्याच्या आणि इंजिनाच्या मधे कुठं चीर पडली, तर तिथनं शिरणारी हवा मोजणीत येतच नाही. इंजिन मंद फिरतं तेव्हा मुळात लागते थोडी हवा, आणि मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधली, ओढ जबर असते, म्हणून ती चोरटी हवा एकूण हवेच्या मानानं खूप ठरते. आरपीएम वाढले की खरी हवा एवढी येते की चोरटीचा वाटा नगण्य होतो. याच्या उलट, पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर जोर पडल्यावर आकडा आणखी चढला असता. (काही गाड्यांत हवा मोजणारा सेन्सरच नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशेब करतात. तिथं चीर पडली की मिश्रण पातळ होण्याऐवजी इंजिनच नुसतं चढं फिरायला लागतं. हेही त्यानंच सांगितलं.) मग त्यानं माझ्याच कानाला नळीचा एक तुकडा लावायला दिला आणि दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवत गेला. रस्त्यावरच्या गाड्या, शेजारच्या वेल्डिंगचा चरचराट, काही कळेना. आणि मग एकाएकी बारीक सीऽऽ असा आवाज, अगदी कानात. इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा ब्रीदरचा रबरी पाइप. वरून बघितला तर नवा वाटावा असा. त्यानं तो अंगठ्यानं वाकवला तेव्हा खालच्या बाजूला, क्लिपच्या बरोबर कडेला, नखाएवढी चीर तोंड उघडून दिसली. तिच्या कडा वाळून पांढुरक्या झाल्या होत्या. त्यानं तिच्यावर बोट दाबलं आणि मोबाइल माझ्यापुढं केला. आकडा उतरत होता.

कोड खरा होता. सेन्सरही ठणठणीत होता.

खरं तर त्या गाडीतला सर्वांत चोख काम करणारा पार्ट तोच होता. त्यानं जे बघितलं ते प्रामाणिकपणानं सांगितलं, आणि नेमका त्यालाच काढून फेकायला मी निघाले होते, कारण सगळे तसंच करतात. पाइपचे पैसे किरकोळ झाले. मी त्या मुलाला शोधायच्या कामाचे म्हणून वेगळे पैसे देऊ लागले तर तो घ्यायला तयार होईना. "नुसतं बघितलं की ओ ताई, त्याचे काय घ्यायचे?" मला ते वाक्य आजोबांच्या प्रश्नाइतकंच लागून राहिलंय. बळेबळे त्याच्या खिशात घातले तेव्हा कुठं घेतले.

गॅरेजवाल्यांवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही, ते यामुळंच. आपण पैसे पार्टचे देतो. डबीतनं निघालेली नवी वस्तू दिसली, जुनी हातात मिळाली, की बिल चुकवताना जड जात नाही. पण दोन तास डोकं चालवून "काही बदलायची गरज नाही, वायर सैल होती" असं सांगणाऱ्याला आपण शंभराची नोट देतानाही विचारतो, "एवढंच होतं, त्याचे शंभर?" मग ज्याला घर चालवायचंय तो शोधत कशाला बसेल? त्याला सेन्सर विकण्यात मार्जिन आहे, शोधण्यात नाही. शिवाय वर्कशॉपमध्ये त्या पोरांच्या डोक्यावर दिवसाला अमुक इतक्या गाड्या काढायचं ओझं असतं. काउंटरवरचा तो मुलगा उद्धट नव्हता. त्याच्यामागं आणखी गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तास-दोन तास लागतील, तेवढा वेळ त्याला कुणी दिलेलाच नव्हता. हे मला समजतं. तरीही आजोबांना उत्तर मिळायला हवं होतं, आणि ही दोन्ही वाक्यं मी मनात एकत्र ठेवूनच हिंडते.

आत्याच्या गाडीचं प्रकरण आणखी किचकट होतं. आत्या गावभागात राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा नदी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गाडी उंचावर नेऊन लावेपर्यंत तिच्यात पायाच्या मॅटच्या वर पाणी आलं होतं. सीटपर्यंत नाही आलं, म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. गालिचे काढले, उन्हात वाळवले, कोपऱ्याकोपऱ्यातला गाळ दात घासायच्या ब्रशनं काढला. तो वास ज्यांनी पूर काढलाय त्यांना सांगायला नको. पुढं दोन पावसाळे एसी लावला की तो वास यायचा आणि आत्या न बोलता काच खाली करायची. गाडी मात्र चालत राहिली. आणि काही वर्षांनी, पूर कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एका पावसाळ्यात दिव्यांची जत्रा सुरू झाली. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, स्टिअरिंगचा दिवा, स्पीडोमीटरचा काटा धाडकन शून्यावर, मग सगळं आपोआप ठीक. वळणावर स्टिअरिंग क्षणभर दगडासारखं जड व्हायचं. आत्यानं गाडी चालवणं सोडलं. साठी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. गाडी बंद म्हणजे तिचं मिरजेला मैत्रिणीकडं जाणं बंद, गाण्याच्या बैठकींना जाणं बंद. ती बोलून दाखवत नसे, पण संध्याकाळी फोन केला की आवाजात कळायचं.

एका ठिकाणी स्कॅन केलं तर यू०१२१, यू०१३१, पी०५६२ आणि बाकी कंपनीचे दोन-तीन. सल्ला मिळाला: एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे त्याचा संगणक, गेलंय, स्टिअरिंगचंही बहुतेक गेलंय. खर्चाचा आकडा ऐकून आत्यानं गाडी विकायचं काढलं. तेव्हा मी कुपवाडकडं गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका मामांकडं गेले. त्यांनी कागद बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही तक्रार कुणी लिहिलीय?" मला कळेना. ते म्हणाले, यू०१२१ म्हणजे एबीएसशी बोलणं तुटलं. ही नोंद एबीएसच्या संगणकानं केलेली नाही, दुसऱ्या कुणीतरी केलीय, ज्यानं हाक मारली आणि ओ आली नाही. ओ आली नाही म्हणजे तो मेलाच असं थोडंच आहे? त्याच्यापर्यंत करंट पोचला नसेल, मधली वायर तुटली असेल. गाडीतले हे सगळे संगणक पिळलेल्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात. बॉशनं १९८६ मध्ये मांडलेली ही कॅन नावाची पद्धत. त्या दोन तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, त्यामुळं बॅटरी सोडवून मोजलं की ६० ओहम यायला पाहिजेत. मामांनी मोजलं. साठ. म्हणजे तारा शाबूत. "आता हा बघा," म्हणत त्यांनी पी०५६२ वर बोट ठेवलं. व्होल्टेज कमी. कागदावर तो सगळ्यांत खाली, सगळ्यांत साधा दिसणारा कोड होता आणि त्याच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं.

आयर्विनखालच्या पाणी मोजायच्या पट्टीवर पाणी चाळीस फुटांना टेकलं की सांगलीत इशारा होतो, पंचेचाळीसला धोका. पट्टी कधी खोटं बोलत नाही. पण तेव्हा सांगलीत कडकडीत ऊनही असू शकतं. पाऊस पडलेला असतो वर, महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात. मामांचं बोलणं ऐकताना मला आमची ती पट्टी आठवली. एबीएस, स्टिअरिंग, मीटर, सगळीकडं पाणी चढलेलं दिसत होतं, आणि पाऊस भलतीकडंच पडत होता.

तो कुठं पडत होता ते मामांनी मल्टीमीटरनं काढलं. हेडलाइट लावले, ब्लोअर पूर्ण सोडला, मला स्टिअरिंग जागच्या जागी फिरवायला सांगितलं, म्हणजे गाडी भरपूर करंट ओढेल. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी एकेका अर्थिंगच्या बोल्टवर. इथं आकडा जवळजवळ शून्य हवा, फार तर शून्य दशांश एक-दोन व्होल्ट. इंजिनाकडचे बोल्ट ठीक निघाले. मग त्यांनी ड्रायव्हरच्या उजव्या पायापाशी, दाराच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक उघडलं, गालिचा उचलला आणि तिथल्या बोल्टला तार टेकवली. एक पॉइंट चार. मी स्टिअरिंग फिरवलं तसा तो आणखी वर गेला. जो करंट सरळ बॅटरीकडं परत जायला हवा, तो तिथं अडत होता, आणि त्या बोल्टवर अवलंबून असणाऱ्या सगळ्यांचीच उपासमार होत होती. बोल्ट फिरता फिरेना. शेवटी कचकन सुटला आणि वायरच्या टोकाखालनं हिरवट पांढरी भुकटी गालिच्यावर सांडली. मामांनी ती चिमटीत धरली, बोटांत चोळली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "गाळ." मी हात पुढं केला. त्या भुकटीला अजूनही तोच वास होता. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, नवं टोक दाबून बसवलं, वर ग्रीस. मीटर लावला: शून्य पॉइंट शून्य तीन. पुढं अर्धा तास गाडी फिरवली, एकही दिवा लागला नाही. मामांनी नंतर सगळे कोड उडवले, पण त्याआधी मला माझ्या वहीत सगळे लिहून घ्यायला लावले.

हे लिहून घेणं मला आता सवयीचं झालंय, आणि जो भेटेल त्याला मी ते कळकळीनं सांगते. दिवा लागला की बॅटरीचं टर्मिनल काढून लावायची आपल्याकडं फार हौस आहे. दिवा जातो, जिवाला बरं वाटतं. पण कोड नोंदवताना संगणक त्या क्षणाचं एक चित्र साठवून ठेवतो, ज्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात: तेव्हा वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती तापलं होतं, जोर किती पडत होता. बिघाड थंड इंजिनावर होतो की घाट चढताना, हे त्यावरनं कळतं. कोड उडवला की तेही जातं, आणि संगणकानं स्वतःच्या ज्या चाचण्या पूर्ण केलेल्या असतात त्याही पुसून कोऱ्या होतात. जुनी गाडी घेताना म्हणूनच मी कोड आहेत का यापेक्षा या चाचण्या पूर्ण आहेत का ते आधी बघते. एकही कोड नाही आणि सगळ्या चाचण्या अपूर्ण, म्हणजे कुणीतरी आत्ताच पाटी पुसून ठेवलीय. बिघाड खरंच दूर झाला असेल तर दिवा पुसायची गरजही नसते. सलग तीन फेऱ्यांत संगणकाला सगळं ठीक दिसलं की तो आपला आपण विझवतो, आणि नोंदसुद्धा इंजिन चाळीसेक वेळा थंडाचं गरम झालं की निघून जाते.

आजोबांच्या त्या चौघडीत काय होतं ते मला कधी कळणार नाही. कधी वाटतं, सेन्सरच गेलेला असेल. सेन्सरही जातातच की, सगळीकडं काही पाइप फाटलेला आणि बोल्ट गंजलेला नसतो. तसं असेल तर त्यांचे पैसे योग्य जागी गेले. तरीही "सेन्सर गेलाय, कारण त्याला गरम करणारी तार तुटलीय, ही बघा मीटरवर" एवढं कुणी दाखवलं असतं, तर तो माणूस तासगावला परत जाताना रस्ताभर आपल्या गाडीला ओळखत गेला असता. मी हल्ली घरातल्या पोरांना हे शिकवते. भाचीला अडॅप्टर घेऊन दिलाय. ती शेजारपाजारच्या गाड्यांना लावते आणि कोड आला की आधी विचारते, "ही तक्रार कुणी लिहिलीय?" कॉलनीतल्या काकांना गंमत वाटते. मला तिचा तो प्रश्न ऐकला की फार बरं वाटतं.

आत्या परत गाडी चालवतेय. गेल्या महिन्यात तिच्या गाडीत पी०४२० आलाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम उणं पडतंय, असं तो म्हणतो. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळं त्याची किंमत ऐकून कुणालाही घाम फुटावा. पण संगणक काही तो डबा उघडून बघत नाही. तो पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तुलना करतो. पुढचा वरखाली नाचत असताना मागचा स्थिर राहिला तर कन्व्हर्टर काम करतोय, मागचाही त्याच्याबरोबर नाचायला लागला तर नाही. आणि सायलेन्सरच्या जोडाला सेन्सरजवळ गळती असेल, बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी ही तुलना फसू शकते. रविवारी मामा गाडी रॅम्पवर घेणार आहेत. आधी गार इंजिनावर जोड तपासायचे, गळती असेल तर ती बंद करून पुन्हा आठवडाभर गाडी चालवायची, नसेल तर मागच्या सेन्सरचा आलेख मोबाइलवर घेऊन बघायचा. फ्रीझ फ्रेम मी वहीत उतरवून ठेवलीय: इंजिन पूर्ण तापलेलं, वेग बासष्ट, जोर बेताचा. डब्याची किंमत एका दुकानात विचारून आले, ती आत्याला सांगितली. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मागवू नकोस एवढ्यात. मामांना बघू दे आधी."